पट्टीवरचं पिवळं कुलूप

विसरायचं म्हटलं तर प्रोफेसरने आयुष्यात काय विसरायचं बाकी ठेवलं होतं? छत्र्या, डबे, टोप्या हे तर कुणीही विसरतं. या पठ्ठ्याने स्वतःच्या लग्नाची अंगठी न्हाव्याच्या दुकानात काढून ठेवली आणि दाढी करून तसाच लग्नाला उभा राहिला. शेवटी न्हावीच अंगठी घेऊन धावत आला आणि आलाच आहे तर जेवून गेला. शिक्षण म्हणाल तर नववी नापास, पण स्टेडियमच्या कामगारांच्या टोळीत लागल्यावर महिन्याभरात त्याला 'प्रोफेसर' हे नाव पडलं ते कायमचं. लोक हसायचे, तोही त्यांच्याबरोबर हसायचा. आतून मात्र त्याला ते लागायचं, आणि हे त्याच्या बायकोशिवाय नि धाकट्या भावाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तर असा हा माणूस गेले तीन महिने एकच गोष्ट सांगत होता, की त्या दिवशी मी कुलूप विसरलो नव्हतो. आणि नेमकं तेवढंच कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

हे कुलूप प्रकरण कळायला आधी स्टेडियम कळायला हवं. शहराला स्टेडियम एक आणि फुटबॉल दोन. एक गोल चेंडूचा, पायाने खेळायचा. दुसरा लांबट चेंडूचा. त्यात चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि हेल्मेट घातलेल्या दांडगटांनी एकमेकांच्या अंगावर जायचं. दोन्हींचे प्रेक्षक वेगळे, शिव्या वेगळ्या आणि मैदानाची मापंही वेगळी. गोल चेंडूला मैदान रुंद लागतं, लांबट चेंडूला अरुंद आणि लांब. शहराच्या कारभाऱ्यांनी दोन स्टेडियमं बांधण्याऐवजी एका दगडात दोन पक्षी मारले आणि पूर्वेकडची खालची गॅलरी चाकांवर बसवली. लांबट चेंडूचा सामना असला की ती रुळांवरून पुढे ओढायची, गोल चेंडूचा असला की मागे, वरच्या पक्क्या गॅलरीच्या पोटात सरकवायची. टोळीतली माणसं या दोन खेळांना अंडं आणि संत्रं म्हणत. "उद्या अंडं की संत्रं?" एवढं विचारलं की उद्या कंबर किती दुखणार ते कळायचं.

अंड्याचं संत्रं करताना सगळ्यात घाणेरडं काम गॅलरीच्या खालचं. वरून प्रेक्षक जे टाकतील ते फटींतून रुळांवर पडायचं. पेले, बाटल्या, मोजे, एकदा तर दातांची कवळी. एखादी बाटली चाकाखाली आली की गॅलरी तिरकी होऊन अडकायची. म्हणून ती हलवण्याआधी टोळीने लांब आकड्या घेऊन वाकत वाकत खाली शिरायचं आणि रूळ साफ करायचे. आत माणसं असताना बाहेर कुणी मोटर सुरू केली तर काय होईल हे सांगायला नको. त्यासाठी एक नियम होता. मोटरच्या स्विचला भोकं पाडलेली एक लोखंडी पट्टी होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं स्वतःचं कुलूप त्या पट्टीत अडकवायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मगच आत जायचं. बाहेर आलं की ज्याचं त्याने काढायचं आणि टोळीच्या खोलीत आपापल्या खिळ्याला टांगायचं. पट्टीत एक जरी कुलूप असलं तरी स्विच वर उचलला जायचा नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. प्रत्येकाच्या कुलपाला वेगळा रंग. प्रोफेसरचं पिवळं, त्याच टोळीत असलेल्या धाकट्या भावाचं हिरवं.

आता प्रोफेसर कुलूप लावायला कधीच विसरला नव्हता. तो विसरायचा काढायला. काम संपवून, हातपाय धुऊन हा घरी चहा पीत बसलेला, आणि इकडे पट्टीत पिवळं कुलूप लटकतंय, गॅलरी जागची हलत नाही, मैदान आखणारे खोळंबलेत आणि मुकादमाचा थयथयाट चाललाय. एकदा तर त्याला आंघोळीतून ओल्या अंगाने उचलून आणावं लागलं. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मुकादमाने सगळ्यांदेखत बजावलं, की पुन्हा झालं तर टोळीतून काढीन आणि कायमचा संडास धुवायला लावीन. प्रोफेसर त्या दिवशी जेवला नाही.

आणि मग तो सुधारला. सबंध वर्षात एकदाही त्याचं कुलूप पट्टीत राहिलं नाही. कुलूप काढल्याचं त्याला आठवायचं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी खोलीत यावं तर पिवळं कुलूप आपल्या खिळ्याला निमूट टांगलेलं असायचं. हाताला वळण लागलं, असं तो बायकोला सांगायचा. मुकादमाने एकदा चारचौघांत त्याची पाठ थोपटली, "प्रोफेसर पास झाला" म्हणाला, आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या. उभ्या आयुष्यात प्रोफेसरला दुसरी कसली शाबासकी मिळाली नव्हती.

त्या दिवशी अंड्याचं संत्रं करायचं होतं. रूळ साफ करून टोळी बाहेर आली, प्रोफेसरही आला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली आकडी आतच राहिली. तो मागे फिरला. फिरताना त्याने पट्टीकडे बघितलं. पिवळं कुलूप अजून तिथेच होतं. बरं झालं काढलं नाही, असं मनाशी म्हणून तो आत वाकला. कुणाला सांगून जावं असं त्याला सुचलं नाही; कुलूप होतंच की. आकडी हाताला लागते न लागते तोच डोक्यावरचं सगळं कण्हत हललं. गॅलरी काही पळत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने चालते. पण वाकलेल्या माणसाला तेवढी चालही पुरते. तो ओरडला, ते मोटरच्या घरघरीत विरलं. पहिलं चाक डाव्या पायावर चढलं तेव्हाची किंकाळी मात्र मैदानात रेघा मारणाऱ्यांनाही ऐकू गेली आणि मोटर बंद झाली. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

मोटर चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळी टोळी काका म्हणायची. काका शपथेवर सांगत होते की स्विच उचलण्याआधी मी पट्टी बघितली, पट्टी रिकामी होती. त्यात भर म्हणजे अपघातानंतर मुकादम टोळीच्या खोलीत गेला तेव्हा पिवळं कुलूप आपल्या खिळ्याला टांगलेलं दिसलं, आणि किल्ली प्रोफेसरच्या पँटच्या खिशात निघाली. दोन आणि दोन चार. प्रोफेसरने त्या दिवशी कुलूप खिळ्यावरून काढलंच नव्हतं. विसरला. दुसरं काय करणार तो?

पण प्रोफेसर ऐकेना. मी डोळ्यांनी बघितलं, पट्टीत होतं, हे त्याचं पालुपद. मग कचेरीत कुजबूज सुरू झाली. काकांच्या कमरेला मोटरच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा असतो, त्यातली एखादी या स्वस्तातल्या कुलपाला लागत असेल. घाईच्या वेळी म्हाताऱ्यानेच कुलूप उघडलं असेल आणि अंगाशी आलं म्हणून खिळ्याला नेऊन टांगलं असेल. काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. थोडक्यात, प्रोफेसर खरा असला तर काका गुन्हेगार, आणि काका निर्दोष असले तर प्रोफेसरने आपला पाय स्वतःच्या डोक्याने घालवला. मधली वाट कुणाला दिसत नव्हती.

काका एकदा भेटायला आले. पलंगावर पायाकडे बसले. जिथे बसलो तिथे खरं तर याचा पाय असायला हवा, हे लक्षात आल्यावर दचकून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. माझी सगळी नोकरी इथेच सरली बाबा, पण मी कुणाच्या कुलपाला कधी बोट लावलं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. प्रोफेसरने तोंड भिंतीकडे केलं आणि आपण बघितलं ते बघितलं एवढंच सांगितलं. काका चहा न घेता गेले.

मुकादम आला तो तोडगा घेऊन. विसरलो म्हणून चौकशी समितीपुढे कबूल कर, काका कामावर येतील, प्रकरण मिटेल आणि तुला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसायचं काम मिळेल. सामन्यांना येणारे लोक जे जे विसरून जातात ते त्या खोलीत ठेवतात. विसरलेल्या वस्तूंना तुझ्याहून लायक राखणदार कुठला मिळायला, असंही मुकादम बोलून गेला आणि मग जीभ चावून चपलांकडे बघत बसला.

धाकट्याचंही म्हणणं तेच. त्याच्याविषयी काय सांगावं? वरच्या माळ्यावर राहणारा हा भाऊ या तीन महिन्यांत प्रोफेसरची आई झाला होता. कामावर जायच्या आधी येऊन दादाला उचलून न्हाणीत न्यायचा, पाठ चोळायचा, कापलेल्या पायाची पट्टी बदलायचा आणि तोंड जरासुद्धा वाकडं करायचा नाही. बायकोला ती जखम बघवत नसे, धाकटा ती धुवायचा. आणि धुता धुता, वर न बघता, म्हणायचा, "दादा, म्हणून टाक ना विसरलो. पाय का परत येणार आहे त्याने? आणि तू विसरलास म्हटलं तर तुला कोण नावं ठेवणार आहे?"

नेमकं हेच प्रोफेसरला सोसत नव्हतं. आयुष्यभर जे विसरलो त्याचं खापर त्याने मुकाट डोक्यावर फोडून घेतलं होतं. पण कुलूप ही एक गोष्ट त्याने जिंकली होती. शिवाय पाय गेला तो गेला. पण आपण धडधडीत बघितलेलं कुलूप तिथे नव्हतंच, तर मग उद्या समोर बसलेली बायको तरी खरी कशावरून? तो डोळे मिटून ती पट्टी पुन्हा पुन्हा बघायचा. सुरुवातीला पिवळं कुलूप लगेच दिसायचं. हल्ली कधी कधी पट्टी रिकामी दिसू लागली होती, आणि मग त्याला दरदरून घाम फुटायचा. बायकोला विचारलं तर ती या बाबतीत हूं की चूं करत नसे. भांडी घासायला उठून जायची.

चौकशीचा दिवस उजाडला. समिती सकाळीच बसणार होती, कचेरीने गाडी पाठवली होती, आणि प्रोफेसर पलंगावर बसून केस ओढत होता. झालं होतं असं, की दवाखान्यातून मिळालेल्या चाकांच्या खुर्चीचा ब्रेक मोडका होता आणि खोलीतली फरशी न्हाणीकडे उतरती. पलंगावरून खुर्चीत सरकायला जावं तर खुर्ची पळायची. म्हणून प्रोफेसरने आपलं ते पिवळं कुलूप, कचेरीने फोटो काढून परत पाठवलेलं, चाकाच्या तारांतून खुर्चीच्या दांड्याला अडकवून ठेवायची युक्ती काढली होती. किल्ली दवाखान्याच्या पाकिटात, पाकीट उशीखाली. आज उशीखाली पाकीट नव्हतं. बायकोने गादी उलटी केली, डबे उघडून बघितले, धुण्याच्या बादलीत हात घातला. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी विसरत नाही हे सांगायला निघालेल्या माणसाला आपली किल्ली कुठे ठेवली ते आठवत नव्हतं, आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात धाकटा आत आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. काय झालं, म्हणून त्याने विचारलं, खुर्ची बघितली, खाली वाकला, खिशातून आपला जुडगा काढला, न बघता त्यातली एक किल्ली बोटात धरली आणि कुलपात फिरवली. कुलूप उघडलं. त्याने ते तारांतून ओढून काढलं, पुन्हा बंद केलं आणि वळून भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला टांगलं. जुडगा खिशात टाकत "चला, गाडी थांबलीय" म्हणाला. शर्टाचं बटण लावावं तितक्या सहज त्याने हे सगळं केलं. आणि मग त्याचा दुसरा हात त्या खिळ्यापाशीच राहिला.

गाडीचा भोंगा तेवढा वाजला.

"मीच दिली भाऊजींना," बायको म्हणाली. "मागच्या आठवड्यात दुसरी करून घेतली. म्हटलं, असावी एक."

ती फार घाईने बोलली. प्रोफेसर विसरभोळा होता, आंधळा नव्हता. आठवड्यापूर्वी केलेली किल्ली चकचकीत असते, तिच्या कडा बोटाला लागतात. ही किल्ली काळवंडलेली होती, माथ्यावर लावलेला पिवळा रंग निम्मा उडाला होता. बराच काळ बोटांत वागवलेली किल्ली होती ती. त्याने हात पुढे केले. धाकट्याने त्याला नेहमीसारखं उचलून खुर्चीत बसवलं, आणि उचलताना दोघांचे चेहरे इतके जवळ आले तरी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

गाडीत प्रोफेसरने सगळं जुळवलं. जुळवायला फारसं काही नव्हतंच. घरी असताना त्याच्या किल्ल्या बायकोकडे असत, नाहीतर तो हरवायचा. म्हणजे दुसरी करून घ्यायला तिनेच दिली. मुकादमाने दम भरला, हा त्या दिवशी जेवला नाही, आणि या दोघांनी मिळून त्याची लाज झाकायचं ठरवलं. वर्षभर तो कुलूप विसरत होता आणि वर्षभर धाकटा मागून ते काढून खिळ्याला टांगत होता. म्हणजे हाताला वळणबिळण काही लागलं नव्हतं. मुकादमाची ती शाबासकी, धाकट्याच्या त्या टाळ्या. प्रोफेसरचे कान तापले. पाय चिरडला त्या दिवशी आपण बरोबर होतो हे ज्या किल्लीने कळलं, तिनेच बाकीचे सगळे दिवस आपण चुकत होतो हेही कळलं.

आणि तो दिवसही त्याला आता दुसऱ्या बाजूने दिसला. धाकट्याने दादाला बाहेर आलेलं बघितलं. मग तोंड धुऊन येतो तर दादा कुठे दिसत नाही, आणि पट्टीत पिवळं कुलूप एकटंच लटकतंय. विसरून गेला घरी, नेहमीसारखा. मुकादम ओरडतोय. त्याने किल्ली फिरवली. मायेपोटी केलेलं होतं सगळं, हे कळत होतं, म्हणून तर राग कुठे काढावा ते कळेना. आपलेच दात नि आपलेच ओठ. पण त्यानंतरच्या तीन महिन्यांचं काय? जखम धुता धुता म्हणून टाक विसरलो म्हणणारा हात तोच होता. माणूस वेडा होत चाललाय हे बघत ही दोघं गप्प बसली होती. त्याने बाजूला बसलेल्या भावाकडे बघितलं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

समिती बसली होती ती खोली मैदानाच्या वरच्या अंगाला होती, एका भिंतीला सगळी काच. खाली मैदान अर्धं धुतलेलं. लांबट चेंडूच्या रेघा पाण्याच्या फवाऱ्याने पुसायचं काम चाललं होतं, गोल चेंडूच्या अजून आखायच्या होत्या. पूर्वेकडची गॅलरी पुढे ओढलेली होती, म्हणजे आज ती मागे सारायची होती. मेजामागे अध्यक्षबाई आणि दोन साहेब. भिंतीशी काका, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट, हात मांड्यांवर. मुकादम दारात. धाकटा प्रोफेसरच्या खुर्चीमागे, तिच्या दोन्ही मुठी धरून उभा.

अध्यक्षबाईंनी सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, की कामाच्या आधी आपण आपलं कुलूप पट्टीला लावलं होतं का?

प्रोफेसर गप्प राहिला. लोकांना वाटलं तो आठवतोय. तो आठवत नव्हता, वाट बघत होता. त्याला मागून एक वाक्य हवं होतं. मी काढलं, एवढंच. तेवढं आलं असतं तर पुढचं सगळं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं असतं. सांगितलं असतं की चूक माझीही आहे, मी कुणाला न सांगता परत आत गेलो, माझ्या विसरण्यापायी याने किल्ली करून घेतली, मारायचं तर दोघांना मारा. वाक्यं तयार होती त्याची, एरवी काही आठवत नसलं तरी ती सगळी आठवत होती. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. एका साहेबाने घड्याळ बघितलं. काका त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत रागही राहिला नव्हता.

मागून काही आलं नाही.

"विसरलो," प्रोफेसर म्हणाला. "कुलूप लावायचं विसरलो."

मग इतके दिवस कुलूप बघितलं म्हणून सांगत होता ते काय, असं बाईंनी विचारलं. त्या वाईट नव्हत्या, समजून घ्यायच्या आवाजात विचारलं त्यांनी. प्रोफेसरने सांगितलं की भास झाला असेल, मला काही लक्षात राहत नाही, इथे कुणालाही विचारा. दारात मुकादम मान हलवत होता. एक साहेब कौतुकाने हसला. आणि प्रोफेसरच्या मानेवर, मागून, कुणीतरी दाबून धरलेला श्वास सुटला. गरम, लांबलचक श्वास. गॅलरीखाली पडला होता तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

काकांना आजपासूनच कामावर घ्यावं असं ठरलं. काका आले, प्रोफेसरचे हात आपल्या हातांत घेतले, काहीतरी बोलायला गेले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. प्रोफेसर त्यांना थोपटत राहिला.

खाली आले तेव्हा मुकादमाची गडबड सुरू झाली होती. प्रोफेसरच्या अपघातानंतर गॅलरीखालच्या टोळीचा म्होरक्या धाकट्यालाच केलं होतं, आणि त्याच्यावाचून काम अडलं होतं. मी दादाला गाडीत बसवून येतो, असं धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता, सकाळपेक्षा वयाने लहान वाटत होता.

"मला स्विचपाशी ने," प्रोफेसर म्हणाला.

माणसं एकेक करून कुलूप लावून आत वाकत होती. लाल, निळं, पांढरं. धाकट्याने आपलं हिरवं कुलूप पट्टीत अडकवलं, ओढून बघितलं. प्रोफेसरने हात पुढे केला.

"ती दुसरी किल्ली दे."

धाकट्याने वर बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा. मग जुडगा काढला, कडीतून ती काळवंडलेली किल्ली सोडवायला गेला. बोटं ऐकेनात, नख तुटलं. शेवटी निघाली. दादाच्या तळहातावर ठेवताना त्याने हात लगेच मागे घेतला नाही.

"तुला बाहेर आलेलं मी बघितलं होतं दादा," तो अगदी हळू म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखा..."

"आलोच होतो बाहेर. आकडी राहिली होती आत."

मी आत्ता वर जातो, सगळं सांगून टाकतो, असं धाकटा म्हणाला. म्हणाला खरं, पण पाऊल उचललं नाही. प्रोफेसरने थोडा वेळ त्याच्या बुटांकडे बघितलं.

"जा आत," तो म्हणाला. "माणसं थांबलीत."

धाकटा आकडी घेऊन आत वाकला आणि अंधारात दिसेनासा झाला. बाहेर प्रोफेसर, काका आणि पट्टीतली कुलपं. तेव्हा प्रोफेसरच्या मनात एक विचार आला. आत्ता याच्या डोक्यावरचं सगळं एकदा कण्हायला हवं. हलू नये, नुसतं कण्हावं, म्हणजे कळेल याला. विचार आला आणि त्याचं अंग गार पडलं. स्विचला तो हात पुरत होता, एवढ्या जवळ होता. त्याने घाईने खुर्ची पुढे रेटली आणि ते हिरवं कुलूप मुठीत धरलं. अरे, कुलूप आहे की, स्विच उचललाच जायचा नाही, काका म्हणाले, चल चहा घेऊ. प्रोफेसरने मान हलवली आणि मूठ सोडली नाही. काकांनी त्याचा चहा तिथेच आणून ठेवला, तो निवून गेला.

माणसं बाहेर येऊ लागली. लाल निघालं, निळं निघालं, पांढरं निघालं. हिरवं एकटंच उरलं. मुकादम लांबून ओरडला. प्रोफेसर गॅलरीखालच्या अंधाराकडे बघत होता आणि हाताला रग लागली तरी हात बदलत नव्हता. ज्या माणसाला आयुष्यात एक गोष्ट धड ध्यानात ठेवता आली नव्हती, त्याने तेवढा सगळा वेळ दुसरं काही मनात येऊ दिलं नाही. शेवटी धाकटा वाकत बाहेर आला, केसांत धूळ, हातात आकडी. समोर उभा राहिला. प्रोफेसरने मूठ उघडली तेव्हा तळहातावर कुलपाचा वळ उमटला होता. धाकट्याने तो बघितला, कुलूप काढलं आणि सवयीने खुर्चीच्या मागे जाऊन मुठी धरायला हात पुढे केले.

"हात लावू नकोस," प्रोफेसर म्हणाला.

बाहेर जायच्या बोळात चढ होता. प्रोफेसर स्वतःच चाकं फिरवत निघाला. खुर्ची मध्ये मागे घसरली, त्याने ती दात ओठ खाऊन सावरली. धाकटा मागून येत राहिला, हात पुढे केलेले, पण खुर्चीला न लावलेले. पाठीमागे काकांनी स्विच उचलला. गॅलरी कण्हत हलली तेव्हा प्रोफेसरने चाकं थांबवली, मागे धाकट्याची पावलं वाजताहेत ना ते नीट ऐकून घेतलं, आणि मग पुन्हा चाकांना हात घातला.